सुभाना पाणाड्याची भरली घागर

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, उंबरमाळावरचा सगळ्यात म्हातारा उंबरही तेव्हा उगवला नव्हता, असं म्हणतात.

त्या माळावर सुभाना नावाचा पाणाड्या राहायचा. उंबराच्या फांदीची बेचकी दोन्ही मुठींत धरून तो अनवाणी चालायचा आणि बेचकी जिथे खाली वाकेल तिथे टाच रोवून म्हणायचा, खणा. शंभर गावांच्या विहिरी त्याने दाखवल्या आणि एकही कोरडी गेली नाही, असं म्हणतात. पण शंभरावी विहीर दाखवायला तो परगावी गेला होता, तेव्हा घरी त्याची तीन वर्षांची ठकू तापाने फणफणली आणि पाणी पाणी करत गेली. त्या दिवसापासून त्याची जीभ त्याच्या पहारीसारखी झाली. लबाडी दिसली की तो घाव घालायचाच. तापल्या सळईने पोरांना डागणाऱ्या एका मांत्रिकाला त्याने त्याच्याच दारात, त्याच्याच माणसांसमोर खोटा पाडला होता. त्यामुळे गावात सुभानाचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

अशात माळाच्या कडेला बारा घरं वस्तीला आली. गावाने त्यांना पाटीवाले असं नाव ठेवलं. त्यांच्या गुरूला म्हणे डोंगरात तांब्याच्या पाट्या सापडल्या. त्याने त्या वाचल्या आणि वाचून होताच त्या आभाळात परत गेल्या. ही माणसं तंबाखूला शिवत नसत, दारूला शिवत नसत. कुणाचं काही वाकडं करत नसत. आणि दर चैत्री अमावास्येला ती गावच्या विहिरीवरून घागरी वाहून एक मोठी दगडी डोण भरत. मग एकेका मेलेल्या माणसाचं नाव घेऊन त्यात एकेक बुडी मारत. मेलेला माणूस पलीकडे तहानलेला असतो आणि इकडे कुणी त्याच्या नावाने भिजलं की त्याची तहान भागते, अशी त्यांची श्रद्धा होती.

त्या साली विहिरीने तळ गाठला होता. सुभाना चावडीवर बसला होता आणि समोरून पाटीवाल्यांच्या बाया घागरी घेऊन गेल्या. तो म्हणाला, "जित्यांच्या घशाला कोरड, अन् मेल्यांना अंगूळ."

चावडी खदखदून हसली. संध्याकाळपर्यंत ते वाक्य घराघरांत गेलं, दुसऱ्या दिवशी पोरं ते म्हणत वस्तीवर खडे मारू लागली, आणि आठवड्याच्या आत गावाने पाटीवाल्यांना विहिरीचा दोर बंद केला. सुभानाने ते पाहिलं. मी कुठे बंद करा म्हणालो, असं स्वतःशीच म्हणत तो गप्प बसला. बोलायची सवय असलेला माणूस नेमका नको तिथे गप्प बसतो, तो असा.

वस्तीची कर्ती बाई होती कोंडाबाई. तिची सून पारू पोटुशी होती. दोन कोसांवरच्या झऱ्याचं पाणी घेऊन येताना भर उन्हात उतारावर तिचा पाय निसटला. घागर फुटली, आणि पारू पुन्हा उठली नाही.

दुसऱ्या दिवशी सुभानाने बेचकी हातात घेतली तर ती मेल्यासारखी पडून राहिली. उंबर सोडून जांभूळ धरलं, जांभूळ सोडून कडुनिंब धरला. झाड बदललं, हात तेच होते. पाण्याने सुभानाशी अबोला धरला होता, असं म्हणतात.

तो वस्तीवर गेला आणि कोंडाबाईसमोर मान खाली घालून बसला. ती रडली नाही, ओरडली नाही. तिने एवढंच विचारलं, "पाणाडीदादा, मांत्रिकाला तुमी त्याच्या दारात जाऊन खोटं म्हणलासा. आमच्या दारात का न्हाई आलासा?"

मांत्रिकाला अख्खा मुलूख भीत होता. ह्या बारा घरांना कोण भीत होतं? त्यांच्याबद्दल चावडीवर बोलायला छाती लागत नव्हती, आणि सुभानाने ती लावलीही नव्हती. हे त्याला तिथे बसल्यावर कळलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

मग जे आधी विचारायचं ते त्याने आता विचारलं. पाट्या कुणी पाहिल्या? कुणीच नाही, असं कोंडाबाईने सांगितलं आणि उलट विचारलं, खणायच्या आधी तुमचं पाणी तरी कोण पाहतं? तो म्हणाला, खणल्यावर दिसतं. ती म्हणाली, आमचं मेल्यावर दिसेल. अशी दोघं चार दिवस बोलत राहिली. तिने ज्यांच्यासाठी बुड्या मारल्या जात त्यांची नावं सांगितली, ज्यांच्या नावाने कुणी भिजत नाही अशा परक्यांचीही सांगितली, आणि त्यांत एक नाव आलं, ठकू, सुभानाची लेक.

सुभाना ताडकन उठला. "माज्या लेकीचं नाव कुनाला इचारून घेतलंसा?"

कोंडाबाई म्हणाली, "चुकलं. इचारायला पायजे हुतं."

तिने चूक कबूल केली म्हणून त्यालाही मनातलं सांगता आलं. पाट्या मला पटत नाहीत, तो म्हणाला. आणि बुडीनंतर डोणीतलं पाणी मातीत सोडता, तेव्हा गुरांच्या जिभा लोंबत असतात, हे मला मुळीच पटत नाही. पाट्यांचं कोंडाबाईने सोडून दिलं, पण गुरांचं तिला पटलं. तेव्हापासून डोणीतलं पाणी गुरांना जाऊ लागलं.

सुभानाने चावडीवर जाऊन आपली चूक बोलून दाखवली आणि दोर मोकळा करा म्हणाला. कुणी हललं नाही. हसू पेटवायला एक वाक्य पुरतं, विझवायला जन्म जातो. तेव्हा तो मुकी बेचकी घेऊन वैशाखाच्या उन्हात नऊ दिवस माळ तुडवत राहिला. नवव्या दिवशी, पारूची घागर फुटली होती तिथे, बेचकी अशी वाकली की त्याच्या तळव्यांची सालं निघाली, असं म्हणतात. त्याने एकट्याने खणायला घेतलं. मग वस्ती आली. मग खाली मान घालून गाव आलं. सहा पुरुष खोलीवर पाणी लागलं आणि त्या विहिरीला पारूची विहीर हे नाव पडलं. तिचा दोर आजवर कुणाला बंद झालेला नाही.

सुभाना म्हातारा झाला, अंथरुणाला खिळला. कोंडाबाई त्याच्याहून म्हातारी, काठी टेकत आली. तुमचं नाव डोणीत घेऊ द्या, असं तिने हात जोडून विनवलं. तो म्हणाला, मला पटत नाही, घेऊ नका.

"तितं तहानेनं ऱ्हाशील रं दादा," ती म्हणाली. तिला ते खरंच वाटत होतं.

"ऱ्हाईन," तो म्हणाला. "ठकूचं मातुर घेत जावा. तिला कुनीतरी हाक मारावी."

आजही उंबरमाळावर कुणाला दुसऱ्याच्या देवाबद्दल बोलायचं असेल, तर आधी पारूच्या विहिरीची घागर भरून त्याच्या दारात न्यावी लागते आणि तिथेच, त्याच्या तोंडावर बोलावं लागतं. बरेच जण घागर खांद्यावर घेऊन निघतात आणि वाटेतच माघारी फिरतात. जे पोचतात त्यांचं मात्र ऐकून घेतात.

आणि चैत्री अमावास्येला वस्तीवर डोण भरते. एकेक नाव घेतलं जातं. ठकूचं नाव झालं की सगळे हात जोडून गप्प उभे राहतात. सुभाना पलीकडे तहानलेला आहे, असं त्यांना आजही वाटतं, आणि बायांचे डोळे भरून येतात. पण त्याचं नाव कुणी घेत नाही. एक भरली घागर डोणीत न ओतता काठावर तशीच ठेवतात.

त्याने नको म्हटलं होतं.