वैद्याचा काढा आणि येसूचा माग

फार मागे, राज्यांच्या सीमा नद्या आणि डोंगर ठरवत असत, तेव्हाची ही गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी जरा थांबून ऐकावी.

एका राज्यात हिवतापाची साथ वरचेवर येई. राजधानीतल्या एका वैद्याने तारुण्यातली सगळी वर्षं घालवून त्यावर काढा शोधला. राजा खूश झाला. हा काढा वैद्याशिवाय कुणीही करू नये, असा हुकूम त्याने काढला. राजधानीतल्या श्रीमंतांना परवडेल ती किंमत वैद्याने ठरवली आणि साऱ्या राज्यात तीच लागू झाली.

डोंगराकडच्या विणकरांच्या गावात येसू नावाची बाई राहत होती. तिचा नवरा तापाने फणफणला, तेव्हा तिने घरातला माग विकून काढा आणला. नवरा बरा झाला, पण विणायला माग उरला नव्हता. घरोघरी हेच झालं. डोंगराकडून राजधानीला येणारं कापड आटलं, बाजार ओस पडला.

पुढच्या साथीत येसूची मुलगी आजारी पडली. आता विकायला काहीच नव्हतं. गावच्या वैदूला तिची दया आली. मागच्या साथीत येसूने आणलेल्या काढ्याची चव आणि वास आठवून त्याने तसाच काढा उकळायला घेतला. पण तो तयार होण्याआधीच शिपायांनी त्याला पकडून नेलं.

दरबारात वैद्य म्हणाला, "महाराज, उद्या सगळेच माझा काढा करू लागले, तर नवं औषध शोधायला कोण आयुष्य घालवील?"

राजाला ते पटलं. वैदूला शिक्षा होणार, इतक्यात त्याच्यासाठी आलेली येसू पुढे झाली.

"वैद्यबुवांचं खरं आहे, महाराज," ती म्हणाली. "त्यांच्याच औषधानं माझा नवरा उठला. पण त्यासाठी माग गेला, आणि मुलीच्या वेळी घरात काही उरलं नव्हतं."

"मुलगी कशी आहे आता?" वैद्याने विचारलं.

येसू खाली मान घालून उभी राहिली.

मग वैद्यानेच राजाला विनंती केली, की वैदूला सोडावं. डोंगराकडे काढा तिथल्याच वैदूंनी करावा, गावाला झेपेल त्या दरात द्यावा आणि त्यातला थोडा वाटा आपल्याला पाठवावा. राजधानीतला दर मात्र आहे तसाच राहावा. राजाने तसा हुकूम काढला.

गावं हळूहळू सावरली. बाजारात पुन्हा कापड आलं. लहान लहान वाटे मिळून वैद्याकडे इतकं जमलं, की तो दुसऱ्या एका रोगावर औषध शोधायला बसला. येसूची मुलगी मात्र परत आली नाही, आणि ते वैद्य कधी विसरला नाही.

तात्पर्य : शोधणाऱ्याला कष्टाचं मोल मिळायलाच हवं, पण ते मोल चुकवताना रोग्याचं जगणंच विकलं जाऊ नये.