मल्लाचे पान

फार फार वर्षांपूर्वी एका राज्यात कुस्तीचे मोठे वेड होते. तिथले चितारी गंजिफ्याच्या पत्त्यांसारख्या गोल पानांवर नामांकित मल्लांची चित्रे काढत, वर लाखेचा हात देत आणि जत्रेत विकत. लहानथोर सगळे ती पाने जमवत.

उदाजी साळी त्यातला दर्दी. पण त्याला पाने हवीत ती पणजोबांच्या काळातल्या मल्लांचीच. रंग उडालेले, कडा झिजलेले पान दिसले की त्याचे डोळे लकाकत. नव्या पानांना तो हातही लावत नसे. आजचे मल्ल म्हणजे तालमीतली पोरे, असे त्याचे मत.

एका जत्रेत एक अनोळखी धनगर आखाड्यात उतरला आणि त्याने थेट दरबारच्या मल्लाशी कुस्ती धरली. उदाजीची थोरली बहीण गिरजाक्का आखाड्यापाशीच बसली होती. उदाजी मात्र बाहेर एका जुन्या पानासाठी घासाघीस करत होता. आरोळी उठली तसा दुकानदार मान उंचावून पाहू लागला. उदाजीने त्याची बाही ओढून त्याला पुन्हा सौद्यावर आणले.

दरबारचा मल्ल चीत झाला होता. चिताऱ्याने त्या धनगराची दोन-चार पाने रंगवली. गिरजाक्काने एक घेतले, तेव्हा उदाजी हसला.

धनगर मेंढरांकडे परतला, तो पुन्हा आखाड्यात आलाच नाही. वर्षे लोटली. त्याचे पान आता जुने आणि दुर्मीळ झाले. उदाजीला झोप लागेना. शेवटी मान खाली घालून तो बहिणीकडे गेला.

"आक्का, माझ्या पेटीत तेवढेच एक पान नाही."

गिरजाक्काने फळीवरून पान काढून त्याच्या हातात ठेवले. "घेऊन जा, उदा. कुस्ती मी पाहिली आहे."

बातमी पसरली. लोक पान पाहायला उदाजीच्या ओसरीवर जमले. सगळ्यांनी ते निरखले, वाखाणले. मग शेजारच्या म्हाताऱ्याने विचारले, "तू तर त्या जत्रेत होतास. कोणत्या डावावर पाडला रे त्याने?"

"आक्काला ठाऊक आहे," उदाजी पुटपुटला.

लोक उठले आणि गिरजाक्काकडे गेले. उदाजी रिकाम्या ओसरीवर थोडा वेळ बसला. मग पेटी मिटून तोही गेला आणि सगळ्यांच्या मागे बसून ऐकू लागला.

तात्पर्य: जुने जरूर जपावे, पण त्या नादात डोळ्यांसमोरचे हुकले, तर ते मागाहून कोणी आणून देत नाही.