न घातलेल्या घावाची खाच

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी, ते सांगणाऱ्याला ठाऊक नाही आणि ऐकणाऱ्यानंही विचारू नये.

एका घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. दर गुरुवारी तिथे मोठा बाजार भरे. घाटावरून आणि खालच्या खोऱ्यातून माणसं येत. गर्दी म्हटली की भांडणं आलीच, म्हणून गावानं सात राखणदार नेमले होते. प्रत्येकाच्या हाती वेळूची एक भरीव काठी असे.

त्या काठीचा एक रिवाज होता. राखणदारानं कुणावर काठी चालवली, तर त्यानं त्याच दिवशी स्वतःच्या हातानं तिच्यावर एक खाच पाडायची आणि चावडीवर येऊन सांगायचं, का मारलं. पंच ऐकून घेत. बरोबर असेल तर बरोबर म्हणत, चूक असेल तर शिक्षा देत. रिवाज चांगला होता.

पण एका वर्षी वाईट घडलं. एका तापट राखणदारानं घाटावरच्या एका गवतवाल्याला हटकलं. तो बोलेना, म्हणून त्याला काठीनं झोडपलं. गवतवाला जन्माचा मुका होता. त्याचा उजवा हात कायमचा गेला.

सारं गाव शरमलं. त्या शरमेत आणि रागात पंचांनी नवा नियम केला. ज्याच्या काठीवर खाच पडेल, त्यानं काठी चावडीवर ठेवून घरी बसायचं. सुनावणी वर्षातून एकदा, जत्रेला. तोवर गाव त्याला काय म्हणायचं ते म्हणेल.

नियम करताना कुणाच्या मनात पाप नव्हतं, एवढं लक्षात ठेवा.

पुढच्याच महिन्यात एक दांडगा बाजारातून एका मुलीला ओढून नेत होता. सर्वांत वडील राखणदारानं त्याला एका काठीत लोळवलं आणि मुलगी घरी पोहोचवली. संध्याकाळी त्यानं नियमाप्रमाणे खाच पाडली, काठी ठेवली आणि घरी बसला. अकरा महिने बसला. पाणवठ्यावर त्याच्या बायकोला बाया म्हणत, "मारकुट्याची गं ही!" त्याच्या लेकीची ठरलेली सोयरीक मोडली. जत्रेत पंचांनी त्याला निर्दोष ठरवलं, पण तोवर तो गाव सोडून गेला होता.

उरलेल्या राखणदारांनी हे पाहिलं. त्यांतच एक होता सटवाजी नाईक.

सटवाजी भित्रा नव्हता. पण त्याच्याही घरात लेक होती, पुढेमागे लग्नाला येणारी. हळूहळू तो नुसतं बोलून काम भागवायला शिकला. "अहो दादा, असं नका करू." "बाबांनो, जरा सबुरीनं." नऊ वर्षांत त्याच्या काठीवर एकही खाच पडली नाही. लोक त्याचं उदाहरण देत आणि तोही ते ऐकून सुखावे.  

एका गुरुवारी तीन भाऊ बाजारात आले. घाटापलीकडचे, अंगानं आडदांड. दिसेल ते उचलायचं आणि चालू लागायचं, अशी त्यांची रीत. राखणदार हात उचलत नाहीत, ही बातमी घाटापलीकडे कधीच पोहोचली होती.

बाजाराच्या कडेला एक म्हातारा बुरूड सुपं आणि रोवळ्या मांडून बसला होता. शेजारी त्याची बायको साळूबाई वेळूच्या कांबी सोलत होती. थोरल्या भावानं एक सूप उचललं.

"ठेव ते," म्हातारा म्हणाला. "दोन दिवस बसून विणलंय."

"मग आणखी दोन दिवस बस की!"

म्हाताऱ्यानं सुपाची कड धरली ती सोडलीच नाही. तेव्हा थोरल्यानं त्याची मानगूट धरून त्याला जमिनीवरून उचललं.

सटवाजी पाच पावलांवर होता. तो धावला. त्याची काठी खांद्यावर गेली. आता एकच घाव, मनगटावर, बस.

आणि त्या एका क्षणात त्याला लेकीचं तोंड दिसलं. चावडीवर ठेवलेली काठी दिसली. पाणवठ्यावरच्या बाया ऐकू आल्या.

काठी खाली आली.

"हे बरं नव्हे," तो म्हणाला. "सोडा त्यांना, दादा."

धाकटा भाऊ खदखदून हसला. "नाईक, काठीला तेल झकास लावलंय हो! जपा तिला. ऊन लागेल, घरी न्या!"

थोरल्यानं म्हाताऱ्याला भिरकावून दिलं. मागे दगडाचं उखळ होतं. त्यावर डोकं आपटल्याचा आवाज सटवाजीनं ऐकला. भाऊ सूप घेऊन, हसत, आल्या वाटेनं निघून गेले.

तिसऱ्या दिवशी म्हातारा वारला.

साळूबाई चावडीवर आली. ती रडली नाही, ओरडली नाही.

"माझ्या धन्याला ज्यानं मारलं त्याचं देव बघेल," ती म्हणाली. "मला नाईकांना विचारायचंय. तुमची काठी वर गेली होती. मी डोळ्यांनी पाहिली. मग ती खाली का आली?"

 पंचांनी सटवाजीची काठी मागून घेतली, फिरवून फिरवून पाहिली आणि परत दिली.

"बाई, खाच नाही," ते म्हणाले. "खाच नाही, तिथे आम्ही विचारायचं काय?"

साळूबाई उठली आणि गेली. त्यानंतर ती त्या बाजारात कधी बसली नाही.

आणखीही पुष्कळजण बसेनासे झाले. आधी बाया यायच्या थांबल्या, मग दूरचे व्यापारी. दोन राखणदारांनी काठ्या ठेवल्या आणि नांगर धरला.

पाडवा आला. पाडव्याला नव्या राखणदारांनी काठी घ्यायची, अशी चाल होती. चावडीच्या पायरीवर तीन काठ्या हळदकुंकू लावून ठेवल्या. पाटलांनी हाक दिली. कुणी पुढे आलं नाही. दुसऱ्यांदा दिली. माणसं एकमेकांच्या पायांकडे बघत राहिली.

"केरबा!" पाटील शेवटी नाव घेऊन म्हणाले. केरबा गावचा पहिलवान. "तालमीत जोर काढतोस ते कशासाठी रे?"

 केरबाची आई पुढे झाली.

"पाटील, माझा केरबा दगडाची गुंडी उचलतो, पण ही काठी नाही उचलणार. मारलं तर गाव तोंडात शेण घालतं. नाही मारलं तर मेलेल्याची बायको समोर उभी राहते. असली भाकरी माझ्या लेकाला नको."

 तेव्हा सटवाजी उठला. त्यानं कमरेचा कोयता काढला, पायरीवर बसला आणि आपल्या गुळगुळीत काठीवर एक खोल खाच पाडली.

"नाईक!" पाटील दचकले. "कुणाला मारलंत?"

"कुणालाच नाही. घाव घालायला हवा होता तिथे मी हात आवरला, त्याची ही खाच. म्हाताऱ्याचा जीव वाचवणं माझं काम होतं. मी माझं नाव वाचवलं. आता विचारा मला. जत्रेपर्यंत थांबू नका. आज विचारा."

आणि पंचांनी विचारलं. साळूबाईच्या घरी बोलावणं गेलं. ज्यांनी ज्यांनी पाहिलं होतं ते सगळे बोलले. ऊन कलेपर्यंत सुनावणी चालली. सटवाजी चुकला, असंच ठरलं. त्यानं मान खाली घालून काठी ठेवली.

पण पाटील तेवढ्यावर उठले नाहीत.

"हा चुकला," ते म्हणाले, "आणि याला चुकायला आम्ही शिकवलं. मुक्या गवतवाल्याला आपण न्याय द्यायला गेलो आणि प्रत्येक राखणदारालाच मुका करून बसलो."

त्या दिवशी नियम पुन्हा बदलला. घाव घातला तरी जाब द्यायचा, घालायला हवा होता आणि घातला नाही तरी द्यायचा. सुनावणी तिसऱ्या दिवशी, पाहणाऱ्यांच्या समोर. तोवर काठी राखणदाराच्याच हाती राहील आणि कुणी त्याला नावं ठेवणार नाही. पण दुबळ्याला उगीच मारणाऱ्याची काठी जन्मात परत मिळणार नाही.

केरबानं आईकडे पाहिलं.  ती म्हणाली, "जा."

उन्हाळ्यात ते तिघे भाऊ पुन्हा आले. थोरल्यानं एका तेलिणीचा हात पिरगळला. केरबानं दोनदा बजावलं, तिसऱ्यांदा मनगटावर काठी घातली. हात सुटला. थोरल्याच्या मुसक्या बांधल्या गेल्या, आणि बुरुडाच्या जिवाबद्दलही त्याला उत्तर द्यावं लागलं. भाऊ हसले नाहीत.

तिसऱ्या दिवशी पंचांनी केरबाला विचारलं, "एकच घाव का घातलास? राग आला नव्हता?"

"आला होता की," केरबा म्हणाला. "पण पहिल्यातच हात सुटला होता."

पुढच्या पाडव्याला काठ्या तीन होत्या आणि पुढे आलेले तरुण पाच. बाजार हळूहळू पूर्वीसारखा भरू लागला. म्हाताऱ्या बुरुडाच्या जागेवर मात्र कुणी पाल टाकलं नाही. चूक कळायला गावाला जेवढा वेळ लागला, त्याचं मोल त्या म्हाताऱ्यानं दिलं होतं.

म्हणून म्हणतात: रक्षकाच्या हाताला लगाम हवा, बेडी नको.