आ वासलेले महाराज

निंबसरचे महाराज दिवाणजींवर खेकसले, "तो गोरा साहेब हसत हसत म्हणाला, मी त्याला 'अम्यूझ' केलं. म्हणजे काय केलं मी?"

दिवाणजींनी इंग्रजी शब्दांचा जाडजूड कोश उघडला. "महाराज, आता अर्थ होतो मन रमवणं. पण पूर्वी होता भुलवून फसवणं. आणि मुळात म्हणे आ वासून बघत राहणं!"

"एकाच शब्दात? खोटं!" महाराज हट्टाला पेटले. त्यांनी दरबारचा सोंगाड्या हरबा याच्याकडे बोट केलं. "रमवणं तुझं काम ना? मग मला आ वासायला लाव, फसव आणि हसवही. आज दिवस मावळायच्या आत! नाहीतर डफ उचल आणि संस्थानाबाहेर चालू लाग."

बिचारा हरबा! माकड झाला, जावई झाला, जावयाची सासू झाला. महाराज ओठ गच्च मिटून बसलेले. आधीच सावध झालेला माणूस फसणार कसा?

दिवस कलला, तशी हरबाची बायको सगुणा आली. ती बाळराजांची दाई. हातात वैद्यबुवांच्या काढ्याची वाटी. महाराजांना ताप येऊन गेला होता ना!

"ते कडू जहर माझ्या ओठाला लागायचं नाही!"

"राहू द्या, महाराज." सगुणा निवांत खाली बसली. "बाळराजांना सांगते ती गोष्ट सांगू? एक म्हातारी मध काढायला दोरावरून कड्याखाली उतरली. वर लेकीनं दोर धरलेला. अन् लेकीच्या मागून आलं अस्वल!"

"आं?"

उघड्या तोंडात चमचा गेला. महाराजांनी तोंड वेडंवाकडं केलं, पण गिळलं. "मग? मग काय झालं?"

"दोर सोडावा तर आई दरीत. धरावा तर अस्वल अंगावर!"

"अरे देवा!" आणखी एक चमचा.

"अस्वलानं पोरीची मान हुंगली…"

चमच्यामागून चमचा गेला. शेवटी सगुणानं वाटी उपडी करून दाखवली. "झालं, महाराज. संपला काढा."

महाराजांनी ओठ चाटून पाहिले. कडूजहर! "सगुणे, फसवलंस मला?"

हरबानं डफ उचलला.

"होय, सरकार. घास भरवताना बाळराजांना रोज अशीच फसवते. आपण आ वासलात, फसलात. आता हसायचं तेवढं राहिलंय, अन् दिवस मावळायला आलाय!"

महाराज असे खदखदून हसले की पागोटं घसरलं! "हरबा, ठेव तो डफ खाली. तू कुठं जायचं नाहीस. आणि हिला जरीकाठी लुगडं आणि दुभती गाय द्या!"

सगुणा मुजरा करून निघाली, तसे महाराज पुढं सरसावले. "अगं, पण त्या अस्वलाचं काय झालं?"

"सांगते की, महाराज. उद्या काढा आणला की!"