जावयाने दुरुस्त केलेली शेगडी

एका गावात एक भोळा माणूस होता, सोपान त्याचं नाव. गाव आमचंच, म्हणून गावाचं नाव सांगत नाही. खरं तर त्याला मूर्खच म्हणायचं, पण मग आम्हा बाकीच्यांना काय म्हणायचं, हा प्रश्न उभा राहिला असता. म्हणून सगळ्यांनी मिळून भोळा ठरवलं.

सोपानला स्वतःची किंमत पक्की ठाऊक होती. "मला अक्कल बेताची," तो चारचौघांत सांगायचा, "म्हणून मी दुसऱ्याची वापरतो. जो जसं सांगेल, तस्संच करतो." कुणी काही शिकवलं, की तो लगेच उपरण्याच्या टोकाला एक गाठ मारायचा. विसरायला नको म्हणून. त्याचं उपरणं सरळ असं आम्ही कधी पाहिलंच नाही.

तर धोंड्याचा महिना आला. हा अधिक महिना तीन वर्षांनी येतो. तेव्हा जावयाला सासरी बोलावतात आणि पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून खाऊ घालतात. त्या दिवशी जावई म्हणजे घरी आलेला देव. त्याला काम सांगायचं नाही आणि बोल लावायचा नाही. सगळी पंचाईत इथेच झाली.

सोपानला धोंडे जीव की प्राण. तीन वर्षं तो या ताटाची वाट बघत होता. वाटेत बायको हौसा त्याला म्हणाली, "अवो, आज माझ्या माहेरी सगळी आळी बघायला येणार. तुम्ही फक्त बसा आणि जेवा. एवढं एक ताट गोडीनं संपवा. मला मान खाली घालायला लावू नका."

"नाही लावत," म्हणत सोपानने गाठ मारली.

पोचतात तर सासरी गोंधळ. गॅसची टाकी सकाळीच संपलेली. सासूबाई मैनाबाईंनी धोंडे भरून चाळणीत मांडले होते, खाली पातेल्यात पाणी, वर झाकण. पातेलं इंडक्शनच्या शेगडीवर चढवलं होतं. पण शेगडी जरा चालायची, टीं टीं करायची आणि बंद पडायची.

"मी बघतो, मामी," सोपान म्हणाला.

"नको!" हौसा ओरडली. पण देवाला नको म्हणता येत नाही. मैनाबाई शेगडीपासून बाजूला सरकल्या. सोपानने तालुक्याच्या दिनकर मेकॅनिकला फोन लावला.

"काचेखाली मधोमध सेन्सर असतो," दिनकर म्हणाला. "भांड्याचा तळ किती तापलाय, ते त्याला कळतं. तो बिघडला की गार शेगडीलाही तापली म्हणतो आणि बंद पाडतो. मी दुपारी येतो. तोवर पातेल्याचा तळ पुसून बघा. खरकटं असलं की असं होतं कधी कधी."

तळ पुसायचा तर तळ दिसायला हवा. सोपानने पातेलं उचललं आणि उलटं केलं.

झाकण गेलं मोरीत. पाणी गेलं शेगडीत. धोंडे गेले घरभर. सोपानने मात्र तळ अगदी लख्ख पुसला.

मैनाबाईंच्या तोंडावर बरंच काही आलं होतं. ते त्यांनी गिळलं. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "कुठलीही वस्तू उलटी करायच्या आधी रिकामी करावी."

"बरोबर आहे, मामी. माझ्या डोक्यात हे यायला हवं होतं, पण माझं डोकं तुम्हाला माहीतच आहे." सोपानने गाठ मारली.

पुन्हा फोन.

"पाणी गेलं?" दिनकर म्हणाला. "प्लग काढा. शेगडी उलटी करून ठेवा, निथळू द्या."

उलटी करायची! सोपानला लगेच मामींची गाठ आठवली. त्याने विळीच्या टोकाने सगळे स्क्रू काढले आणि शेगडी आधी रिकामी केली. पंखा काढला. तांब्याच्या तारेची चकली काढली. सगळं परातीत नीट मांडलं. मग रिकामं खोकं उलटं ठेवलं आणि समाधानाने मांडी घालून बसला.

"अरे देवा!" सोपानने हे कौतुकाने सांगताच फोनवर दिनकर कळवळला. "उघडली कशाला? जे जिथून काढलं, ते तिथंच परत ठेवा!"

सोपानने गाठ मारली. घामाघूम होऊन सगळं परत आत कोंबलं.

शेगडीचा नाद सोडून मायलेकींनी परसात तीन दगडांची चूल मांडली आणि नवं पुरण घातलं. सासरे बळीराम यांनी जावयाला स्वयंपाकघरातून बाहेर काढायचा उपाय शोधला, तोही काम न म्हणता, फेरफटका म्हणून. "जावईबापू, पाय मोकळे करायला जाताय का? आडावरनं घागरभर पाणी काढा जरा."

सोपानने पाणी काढलं. जिथून काढलं, तिथं परत ओतलं. पुन्हा काढलं, पुन्हा ओतलं. बळीराम बघायला गेले तेव्हा जावई घामाने निथळत होता आणि घागर कोरडी होती.

"झालं का काम?" त्यांनी विचारलं.

"झालं, मामा. एक थेंब इकडचा तिकडे केला नाही."

बळीरामांनी कोरडी घागर उचलली. देवाला काय बोलणार?

सोपानने दिनकरला पुन्हा फोन केला. शेगडी तशी राहिली, याचं त्याला वाईट वाटत होतं. दिनकर आता मोटरसायकलवर होता आणि वैतागला होता. "काही करू नका! आतून आवाज आला की थांबायचं, एवढं ध्यानात ठेवा. बंद करायचं, बाजूला व्हायचं, दहा मिनिटं गप्प थांबायचं. मधे हात लावायचा नाही. मग पुन्हा सुरू."

ही गाठ सोपानने दोनदा मारली.

शेवटी ताट आलं. पाटाभोवती रांगोळी, चांदीची वाटी, तुपात डुंबणारे धोंडे. औक्षण झालं. आळीतल्या बाया दारात दाटी करून उभ्या. सोपानने पहिला धोंडा तोंडात टाकला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हौसाने किती दिवसांनी मान वर केली.

दुसरा धोंडा उचलला, आणि सोपानला उचकी लागली.

आतून आवाज आला.

सोपानने धोंडा खाली ठेवला. ताटावरून उठला. ओसरीवर गेला, खांबाला टेकला आणि गप्प उभा राहिला.

जावई ताटावरून उठला! धोंड्याच्या महिन्यात, आळीसमोर!

बळीराम धावत बाहेर आले. "जावईबापू, काय चुकलं आमचं?" त्यांनी सोपानचा हात धरला. सोपानने तो सोडवून घेतला. मधे हात लावायचा नाही.

"लईच राग आलाय," आळी कुजबुजली.

बळीरामांनी बोटातली अंगठी काढून पुढे केली. सोपान गप्प. मैनाबाई पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "विळीनं शेगडी खोलली तरी मी काय बोलले का वो?" सोपान गप्प.

"अवो, बोला की!" हौसा रडायला लागली. "मला एवढं एकच ताट पाहिजे होतं!"

सोपानचा जीव तुटत होता. बोलावंसं फार वाटत होतं. पण आजच्या दिवसात एक तरी काम त्याला बिनचूक करायचं होतं.

आता देण्यासारखी एकच वस्तू उरली. बळीरामांनी गोठ्यातली दुभती गाय सोडून आणली. "ही घ्या. पण ताटावर बसा."

गाईला तुपाचा वास आला. तिने दावं हिसडलं, ओसरी ओलांडली आणि सरळ पाटाशी गेली. सगळे सोपानच्या पाया पडण्यात गुंतले होते. घराकडे तोंड करून उभा होता तो एकटा सोपान. त्याने एक धोंडा जाताना पाहिला. दुसरा पाहिला. तरी तो हलला नाही. दहा मिनिटं व्हायला अजून जरा वेळ होता.

तेवढ्यात दिनकर आला. त्याने शेगडी उघडली, पुसली, वाळवली आणि काचेपासून सुटलेला सेन्सर जागेवर टेकवला. शेगडी गुणगुणायला लागली. आता तिच्यावर उकडायला घरात काही उरलं नव्हतं.

"झाली दहा मिनिटं," सोपान हसत म्हणाला. उचकीही थांबली होती. तो आत जाऊन पाटावर बसला. "आता पुन्हा सुरू."

ताट आरशागत चाटलेलं होतं.

"काय सुरू?" हौसा हुंदका देत म्हणाली. "कमाल आहे तुमची! बसा आता. धोंडे परत तीन वर्षांनी."

सोपानने क्षणभर विचार केला. मग उपरण्यात जागा शोधून एक गाठ मारली, उठला, ओसरीवर गेला आणि पुन्हा त्याच खांबाला टेकून बसला.

आमच्या गावात भोळ्याची जागा रिकामी आहे. ती आम्ही पाळीपाळीने चालवतो, पण त्याची सर येत नाही. तिकडे बळीराम रोज सकाळी ओसरीवर येतात आणि हात जोडून विचारतात, "जावईबापू, गावाला कधी निघायचं म्हणता?"

सोपान बोलत नाही. हात लांब करून फक्त त्यांना बाजूला व्हायची खूण करतो. मधे कुणी हात लावला, तर तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतील.