हौसाबाईचा दोरा

नदीकाठच्या एका गावात नारोपंत नावाचे वैद्य राहत. कुणाच्या अंगात गाठ धरली की तो दुरून चालत त्यांच्याकडे येई. रानातल्या एका मुळीपासून त्यांनी लाल काढा तयार केला होता. तो घेतला की गाठ विरू लागे.

रोग्याची गाठ ते कच्च्या सुताच्या दोऱ्याने मोजत. दर पौर्णिमेला नवा दोरा. गाठ लहान होत गेली की दोराही आखूड होत जाई. शेवटचा, सर्वांत आखूड दोरा ते हळदीत बुडवून आपल्या दारावर बांधत. दार पिवळ्या दोऱ्यांनी भरून गेले होते. गावकरी येता-जाता त्या दाराला हात जोडत.

काढा मात्र जहाल होता. गाठीत जाई तसाच तो सगळ्या अंगात जाई. केस गळत, तोंड सोलवटे, अन्न पोटात ठरत नसे. रोगी तक्रार करू लागला की नारोपंत त्याला दोरा दाखवत. दोरा आखूड झालेला पाहून रोगी गप्प बसे.

मोजण्याचे सूत गावातल्या भानू कोष्ट्याच्या घरून येई. त्याची बायको हौसाबाई. तिला जेवायला आवडे, त्याहून जास्त बोलायला आवडे. तिच्याच मानेशी गाठ आली. तिने काढा सुरू केला आणि थोड्याच दिवसांत तिचे दाट केस उशीवर राहू लागले. तोंड इतके आले की पाणीसुद्धा झोंबे. भानू दुधात भाकरी कुस्करून तिच्यापुढे धरी, ती मान फिरवी.

एकदा गाठ मोजून घेताना ती म्हणाली, "वैद्यबुवा, रोग गाठीला झालाय. मग औषध गाठीला द्या की. मला कशाला देता?"

ओसरीवरची माणसे हसली. नारोपंतही हसले. म्हणाले, "गाठ काय तोंड उघडून काढा पिणार आहे होय?"

"मग तिच्या घराची वाट तरी शिकवा त्याला. माझ्या अंगात दारोदार हिंडतोय मेला."

पुढच्या पौर्णिमेला गाठ बोटाला जेमतेम लागत होती. दोरा इतका आखूड निघाला की चिमटीत धरणे कठीण. नारोपंतांनी तो मोठ्या आनंदाने हळदीत बुडवला आणि दाराच्या मधोमध बांधला. हौसाबाई तिथेच भिंतीला टेकून बसली होती. तिला उठवत नव्हते. भानूने भीतभीत विचारले, ती काही खात नाही, काढा थांबवू या का? नारोपंत म्हणाले की गाठीचे मूळ राहायला नको, अजून थोडा द्या. त्यांनी दोरा पाहिला होता. तिच्याकडे पाहिले नव्हते.

अमावास्येच्या आधीच हौसाबाई गेली.

त्यानंतर राजाचे कारभारी गावात आले. राजाने नारोपंतांसाठी मानाची शाल पाठवली होती. कारभाऱ्यांनी दाराचे कौतुक केले. मधला दोरा बोटावर घेऊन त्यांनी विचारले की हा सर्वांत आखूड दोरा कोणाचा, त्या बाईला जरा बोलवा, तिच्याच हातून शाल देऊ.

गर्दीत भानू उभा होता. बाई परगावी गेली आहे असे नारोपंतांनी सांगितले असते, तर गावानेही मान डोलावली असती.

नारोपंत म्हणाले, "ती वारली, कारभारी. गाठ माझ्या काढ्याने गेली. तीही माझ्याच काढ्याने गेली."

शाल परत गेली. माणसे पांगली. भानू तेवढा थांबला. म्हणाला, "तो दोरा मला द्या. आमच्याच सुताचा आहे." नारोपंतांनी दोरा सोडून त्याच्या हातात दिला. मग त्यांनी दारावरचे बाकीचे दोरेही उतरवले.

त्या दिवसापासून ते गाठ मोजण्याआधी विचारू लागले, जेवलास का, झोप लागली का, तोंडाला चव आहे का. आणि हौसाबाईचे बोलणे त्यांच्या मनातून हलेना. काढ्याला वाट कशी शिकवावी? गाठीवर हात ठेवला की ती बाकीच्या अंगापेक्षा ऊन लागते, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी काढा आटवून मोहरीएवढ्या गोळ्या केल्या आणि त्यांच्यावर राळेचा लेप दिला. अंगाच्या उबेने तो वितळू नये, गाठीच्या उष्णतेने मात्र वितळावा, असा लेप हवा होता. कधी तो कुठेच वितळत नसे. कधी पोटातच वितळे. प्रत्येक लेप ते आधी स्वतः घेऊन पाहत. त्यात त्यांचे केस गेले, तोंडाची चव गेली. वर्षे गेली.

अगदी म्हातारपणी लेप जमला. पलीकडच्या गावची एक कुंभारीण त्या गोळ्यांवर होती. तिला थोडी मळमळ होई, पण केस राहिले आणि गाठ उतरली. एका दुपारी ती ओसरीवर बसून भाकरी खात होती. नारोपंत काठी टेकत उठले आणि भानूच्या घरी गेले.

भानूही म्हातारा झाला होता. मागावर बसला होता.

"भानू, औषध वाट शिकलं," नारोपंत म्हणाले. "ती बाई आज भाकरी खातेय."

भानूने माग थांबवला. "दुधात कुस्करून?"

"नाही. ठेच्याबरोबर. वर कांदा मागितला."

भानूने मान वर केली. कोनाड्यात तो दोरा होता. त्याची हळद केव्हाच उडाली होती.

"हौसाला हे ऐकायला हवं होतं," तो म्हणाला, आणि नारोपंतांना बसता यावे म्हणून जरा सरकला.

तात्पर्य: औषधाने रोगावर जावे, माणसावर नाही. आणि ते कोणावर गेले हे रोग मोजून कळत नाही, माणसाला विचारावे लागते, तो विचारण्यापुरता उरला आहे तोवर.