थर कुठे संपतो

त्या राज्यात कासव फार थोडे बोलत असे आणि सारी बांधकामे त्याच्याच शब्दावर चालत. ते म्हणे, "कमान." मग साळुंकी त्या एका शब्दाची उकल करून मुंग्यांना ऐकवी: खडे पसरा, वर चिखल घाला, काडी आडवी ठेवा, थर पुरा. एवढे बोलून ती श्वास घेई आणि मुंग्या पायांनी थर चोपून बसवत.

म्हातारपणी साळुंकीचा आवाज बसला. तिच्या जागी तिची भाची आली. भाची फार प्रामाणिक होती. सांगता सांगता मध्येच थांबून म्हणे, "हे कासवदादांचं बरं का. हे मावशीचं."

तेवढ्यात ओढा चढू लागला. मुंग्यांची अंडी अलीकडे होती आणि उंच जमीन पलीकडे. ओढ्यावर कमान दोनदा उभी राहिली, दोनदा कोसळली.

मुंग्यांची मुकादमीण भागू संतापली. तिची स्वतःची अंडी पाण्याच्या सर्वांत जवळ होती.

"नव्या बाई, काय वाटेल ते सांगताय का आम्हाला?"

"मावशीचेच शब्द आहेत, आत्या. एकही बदलला नाही."

"म्हण बघू माझ्यासमोर."

भाची म्हणू लागली. भागू मनात जुन्या पाठाशी ताडून पाहत होती. शब्द खरोखर तेच होते. चिखलापाशी भाची थांबली, "हे कासवदादांचं," म्हणाली, आणि भागूचे पाय आपोआप जमीन चोपू लागले.

भागूने पायांकडे पाहिले.

"अगं बायांनो," ती ओरडली, "काडी यायच्या आधीच चोपतोय आपण! 'थर पुरा' ऐकल्याशिवाय पाय हलला तर बघा!"

कमान तिसऱ्यांदा चढू लागली. शेवटच्या थराला पाणी पायथ्याशी आले असताना वर घार दिसली. भाची अर्ध्या वाक्यात गप्प झाली आणि पानांत दडली. कमानीवर साऱ्या मुंग्या डोक्यावर चिखल धरून उभ्या राहिल्या. पाणी वाजत होते. एकही पाय हलला नाही.

घार गेली. पानांतून बारीक आवाज आला, "...काडी आडवी ठेवा. थर पुरा."

सारे पाय एकदम पडले. त्या आवाजाखाली ओढ्याचा आवाज बुडाला.

मग अंड्यांची रांग कमानीवरून निघाली. फांदीवरून भाची सांगत होती, "'थर पुरा' ऐकेपर्यंत थांबायचं, हे भागूआत्याचं बरं का," आणि श्वास घ्यायला थांबत होती. रांग चालतच होती.